टॉवेलाचं मगरभूत

कुंभारीच्या घरकुल वसाहतीत काशम्माला ओळखत नाही असा माणूस एक तर कालच राहायला आलेला असतो, नाहीतर बहिरा असतो. काशम्मा उंबऱ्यात बसून विड्या वळते आणि वळता वळता गल्लीचा कारभार चालवते. कुणाची सून माहेरी का गेली, पाणी आज सुटणार की उद्या, कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या शेंगाचटणीत शेंगा किती आणि नुसतं तिखट किती, सगळ्यावर तिचं मत तयार असतं. हात मात्र थांबत नाहीत. पान कातरलं, तंबाखू भरली, गुंडाळलं, दोरा बांधला, टाकली सुपात. वय सत्तरीच्या पुढे गेलंय. गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

अशा बाईला एका दुपारी तिच्या नातीनं गप्प केलं, तेही काही मनात नसताना.

नात म्हणजे उत्कर्षा, लेकीची मुलगी. सोलापुरात कॉलेजला आहे म्हणून आजीकडे राहते. कॉलेजात नाटक बसत होतं आणि पोरं कमी पडली म्हणून म्हाताऱ्याचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. घरी येऊन तिनं सहज विचारलं, "आज्जी, आजोबा चालायचे कसे गं? मी तसंच चालीन म्हणते."

आजोबा, म्हणजे ईश्वरप्पा, वारले तेव्हा उत्कर्षा पाळण्यात होती.

"त्यात काय मोठं," काशम्मा म्हणाली. सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि एक पाऊल टाकलं. मग थांबली. परत भिंतीपाशी गेली, परत निघाली, परत थांबली. खोलीच्या मधोमध उभी राहून ती आपल्याच पायांकडे बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे आज्जी," उत्कर्षा म्हणाली.

"तोंड दिसतंय गं," काशम्मा म्हणाली. "डाव्या भुवईवरचा तीळबी दिसतोय. चालणं दिसंना."

भिंतीवर ईश्वरप्पाचा फोटो होता. बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, मागाहून मोठा करून घेतलेला. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटलं म्हणून श्वास रोखून बसलेला माणूस, तो तसाच रोखून राहिलेला. असल्या फोटोतला माणूस कुठला चालून दाखवतोय? त्या काळी लग्नाचं शूटिंग करणारे पैसेवाले वेगळे होते. ज्या माणसाबरोबर अर्धा जन्म काढला त्याची चाल आपल्या हातून निसटली, ह्याचं काशम्माला इतकं वाईट वाटलं की ती दोन दिवस उंबऱ्यात बसली पण गल्लीत लक्षच घालेना. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेजारणी एकेक करून येऊन 'बरं हाय न्हवं' विचारून गेल्या.

तिसऱ्या दिवशी काशम्माच्याच तोंडून ते निघालं. "एका पिच्चरमध्ये हायत तुझे आजोबा. पर तोंड दिसत न्हाय. मगरीचं सोंग हाय."

उत्कर्षाला वाटलं, आजीचं डोकं फिरलं. डोकं अगदी जागेवर होतं.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची. मुंबईच्या एका कंपनीनं 'मगरभूत' नावाचा सिनेमा काढला होता आणि तो बऱ्यापैकी चालला होता. लोक घाबरले होते म्हणे. मग दुसरा भाग निघाला, 'मगरभूत पुन्हा आलं'. ह्या वेळी दिग्दर्शकाला लोकांना घाबरवायचंही होतं आणि हसवायचंही होतं, आणि दोन्हींचं सामान त्याच्यापाशी पुरेसं नव्हतं. निर्मात्याची सासुरवाडी जिल्ह्यातल्याच माळशिरसकडची, त्यामुळे जेवणाखाण्याची सोय होईल ह्या हिशेबानं मंडळी सोलापूरजवळच्या एका तळ्यावर येऊन पडली. पेटी उघडली तर पहिल्या भागातली रबरी मगर उंदरांनी कुरतडून चाळण करून टाकलेली.

आता सोलापुरात आलेल्या माणसाला रबर मिळेल न मिळेल, टॉवेल मिळणारच. एका टॉवेल कारखान्यातून रंग बिघडलेले, कडा उसवलेले असे टॉवेल आणले, शिंप्याला बसवून त्यांची मगर शिवली, वर हिरवा रंग मारला. कोरडी होती तोवर मगर छान होती. पण तळ्यात उतरली तशी टॉवेलनं आपला धर्म पाळला. सगळं तळं पिऊन घेतलं. मुंबईहून आणलेला नट गुडघाभर पाण्यात बसला तो उठेचना. चौघांनी त्याला ओढून काढला. कंबर धरून तो गाडीत बसला आणि मुंबईला निघून गेला.

ईश्वरप्पा त्याच कारखान्यात रंगखात्यात होता. कढईतून ओली गठडी काढायची, खांद्यावर घ्यायची आणि वाळवणीला न्यायची, हे त्याचं रोजचं काम. ओल्या टॉवेलचं ओझं त्याच्या अंगवळणी पडलेलं. कारखान्यातूनच कुणीतरी त्याचं नाव सुचवलं आणि त्याला मगरीत घातला. काशम्मा तेव्हा पोटुशी होती, बाळंतपणाला अक्कलकोटकडे माहेरी गेली होती. सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा लेक नुकती झालेली. सिनेमा आठवडाभर चालला आणि उतरला. ती परत आल्यावर ईश्वरप्पा म्हणाला, तू हवी होतीस बघायला. ती म्हणाली, घरी रोज बघते तेवढं पुरे की.

हे वाक्य आता तिला खात होतं.

आणखी एक अडचण होती, आणि तिचं नाव मल्हार. मल्हार मूळचा जेऊरचा, त्याच कारखान्यात कांड्या भरायला, ईश्वरप्पाचा जिवाभावाचा दोस्त. ईश्वरप्पा होता तोवर मल्हार म्हणायचा, "आमी दोघं हुतो मगरीत, आळीपाळीनं." ईश्वरप्पा गेल्यावर आळीपाळी गेली आणि नुसतं "मी हुतो" उरलं. पुढे पुढे तर चहाच्या टपरीवर तो सांगू लागला, की ईश्वरप्पा एकच दिवस आला, त्याला सोंग मानवलं नाही, पुढचं सगळं मीच रेटलं. कुणी खोटं पाडायला नव्हतं. हे काशम्माच्या कानावर आलं तेव्हापासून तिनं त्याला भावजी म्हणणं सोडलं, बोलणंही सोडलं. पण मनात पाल चुकचुकलीच. एकच दिवस असेल तर? तो एक दिवस कापून टाकला असेल तर? मग तिच्या माणसाचं हलतं असं काहीच ह्या जगात उरलं नव्हतं.

उत्कर्षानं कॉलेजातल्या राजसला विचारलं. राजस हा प्राध्यापकांचा मुलगा. त्याला आणि त्याच्या टोळक्याला वाईट सिनेमे बघायचा नाद. चांगले सिनेमे काय, कुणालाही आवडतात, असं त्याचं म्हणणं. महिन्यातून एका रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या माडीवर पडदा लावून ही पोरं जुने, पडेल, विसरलेले सिनेमे बघतात आणि पोट धरून हसतात. मगरभुताचं नाव काढताच राजस खुर्चीतून उठलाच. पहिला भाग त्याच्याकडे होता. दुसरा तो दोन वर्षं शोधत होता. शेवटी माळशिरसच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानाच्या माळ्यावर कॅसेट सापडली. बुरशी पुसून, दुरुस्त करून त्यानं ती चालती केली आणि हौसेनं मोठा बेत आखला. मगरभुताचं काम केलेला कलाकार हयात आहे असं त्याला टपरीवर कळलं होतं. त्याचा सत्कार ठरला.

सत्कार अर्थातच मल्हारचा.

"मी येत न्हाई," काशम्मा म्हणाली. मग इरकल नेसली आणि उत्कर्षाच्या आधी रिक्षात जाऊन बसली.

माडीवर पोरापोरींची गर्दी होती. टेबलावर शाल, श्रीफळ. पहिल्या रांगेत मल्हार फेटा बांधून बसला होता, मिशा काळ्या करून. राजसनं चार शब्द बोलायला सांगितले तर चाळीस बोलला. पाण्याखाली दम कसा धरायचा हेही सांगितलं.

"ह्याला पोहता येत न्हाई," दुसऱ्या रांगेतून काशम्मा उत्कर्षाच्या कानात म्हणाली. तिचं कानातलं बोलणंही तीन रांगांना ऐकू जातं. "विहिरीवर पोरं पोहायला गेली की ह्यो वर बसून कपडे राखायचा."

मल्हारनं ऐकलं नसावं, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो खाली बसला आणि दिवे मालवले गेले.

सिनेमा वाईट होता ह्यात वादच नाही. नायक कंपाउंडर होता आणि सुईला घाबरत होता. नायिका कशाला किंचाळते ते तिलाही ठाऊक नसावं. गाण्यात मागची पोरं वेगळ्या गाण्यावर नाचत होती. पण मंडळी इतक्या मायेनं हसत होती की सिनेमाला वाईट वाटलं नसतं. आणि मग बांधावर मगरभूत आलं. हिरवं, फुगीर, एका डोळ्यानं तिरळं, पाठीवर कारखान्याच्या टॉवेलची पट्टी रंगातून डोकावतेय. दोन्ही हात कमरेवर ठेवून, छाती काढून, कुस्तीच्या फडात उतरावं तसं चालत आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

काशम्मानं एका पावलात ओळखलं. मल्हार. दुसरं कोण?

पुढं मगर स्वयंपाकघरात शिरली, नायिकेच्या आत्यानं उलथनं फेकून मारलं, मगर पळाली. मल्हार. मगर झाडाआडून डोकावली, कॅमेऱ्याकडे बघून घेतलं. मल्हार. मगर पाटलाच्या खाटेवर आडवी झाली. तोही मल्हारच. अर्धा सिनेमा संपला. पोरं हसून हसून दमली, मध्ये चहा आला. काशम्मानं कप हातात धरला आणि प्यायलाच विसरली.

"खरंच एक दिवसाचं हुतं काय गं," ती म्हणाली. ह्या वेळी खरोखरच हळू.

उत्कर्षानं आजीचा हात हातात घेतला. विड्या वळून वळून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. गावकऱ्यांनी तळ्याला वेढा घातलाय, आणि मगरभूत चिडून पुन्हा पाण्यात जायला निघालंय, असा प्रसंग. कॅमेरा लांब, पलीकडच्या काठावर. ढोल वाजतायत. मगरभूत उतारावरून आलं. आता ते हळू चालत होतं. डावा खांदा पडलेला, मान पुढं, पाऊल सबंध टेकवून मगच दुसरं उचललेलं. शेपूट पायात येत होतं म्हणून त्यानं ते उचलून खांद्यावर टाकलं. काशम्मा खुर्चीत पुढं सरली.

पाण्याच्या काठाशी मगरभूत थांबलं. खाली वाकलं. पायांचे पंजे म्हणजे टॉवेलचे दोन मोठे जोडेच होते. ते त्यानं एकेक करून काढले, काठावर एकाशेजारी एक नीट ठेवले. मग अनवाणी पाण्याशी बसलं, हातानं पाणी शिवलं, ते डोळ्यांना लावलं, सुळ्यांवरून हात जोडले, आणि मग गावाचा सत्यानाश करायला पाण्यात उतरलं.

माडी हशानं फुटली. पोरं खुर्च्यांवरून खाली आली. राजस डोळे पुसत होता. एवढं क्रूर जनावर, पाय काढून ठेवतं आणि पाण्याच्या पाया पडतं. कोण मुंबईचा नट हे करणार? ईश्वरप्पाकडची कानडी माणसं गंगव्वाला, म्हणजे पाण्याला, नमस्कार केल्याशिवाय विहिरीतसुद्धा पाय घालत नाहीत. आणि चपला घालून तर नाहीच नाही. ईश्वरप्पाला दिग्दर्शकानं सांगितलं असेल, डरकाळी फोड आणि उडी मार. तो उडी मारणार होताच, पण आपल्या रीतीनं. पुन्हा घ्यायचं म्हटलं तर टॉवेल वाळायला दोन दिवस जायचे, म्हणून ते तसंच राहिलं असणार.

काशम्मा हसत होती, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही.

"पोरा," ती राजसला म्हणाली, "मागं घे की जरा."

राजसनं मागं घेतलं. मगरभूत पुन्हा उतारावरून आलं, पुन्हा पाय काढले, पुन्हा हात जोडले. पोरं पुन्हा हसली. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा काशम्मा उठली आणि खुर्च्यांमधल्या वाटेत जाऊन उभी राहिली. इरकलीचा पदर तिनं खांद्यावर टाकला, डावा खांदा पाडला, मान पुढं काढली आणि चालू लागली. सबंध पाऊल टेकवून, मग दुसरं. पडद्यावर मगर चालत होती आणि वाटेतून ही.

"बघ गं," ती उत्कर्षाला म्हणाली. "असं चालायचे. गठड्यानं खांदा पडला हुता त्यांचा. बघून घे नीट."

आता कुणी हसत नव्हतं. एक दोघांना कळलं होतं, त्यांनी बाकीच्यांना कोपरानं ढोसून कळवलं होतं. मल्हार मागं वळून बघत होता. त्यानं फेटा काढून मांडीवर घेतला.

"वैनी," तो म्हणाला, "पाण्यातलं समदं त्याचंच. मी काठाच्या खाली उतरलोच न्हाई कवा."

"मला काय सांगता? दिसतंय की."

"टपरीवर बोलत गेलो. लोक ऐकत्यात म्हनल्यावर त्वांड थांबंना. त्यो असता तर हसला असता."

"हसले असते," काशम्मा म्हणाली. "अन् तुमाला चहाबी पाजला असता. बसा आता, भावजी. फुडं बघू द्या."

ती मल्हारच्याच शेजारच्या खुर्चीत बसली. पाण्यातला भाग पुष्कळ होता. मगरभूत पोहत होतं, होडी उलटवत होतं, बुडणाऱ्या कंपाउंडरला हळूच ढकलून काठाला लावत होतं, जे कथेत नव्हतं. काशम्मा प्रत्येक वेळी मान हलवत होती, ओळखीच्या माणसाला वाटेत भेटल्यासारखी. मग गावकरी पलिते घेऊन आले आणि आत्याबाई मुसळ घेऊन पुढं झाली. शेवट जवळ आला.

काशम्मानं हात वर केला. "बास. बंद कर, पोरा."

"आजी, शेवटची पाच मिनिटं राहिलीत."

"म्हनूनच. एकदा बघितलंय मी. दवाखान्यात. पुन्ना बघायचं न्हाई."

राजसचा हात बटणावर गेला आणि घुटमळला. त्याच्यासारख्या पोराला मगरभुतांचं शास्त्र पाठ असतं. तो येऊन तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "आजी, ही भुतं मरत नाहीत. तिसरा भाग काढायचा असतो ना. बघा तुम्ही."

काशम्मानं मल्हारकडे बघितलं. मल्हारनं मान डोलावली. "बघा वैनी. मी हाय की हितं."

मुसळ बसलं. मगरभूत कोलमडलं आणि पाण्यात गेलं. बुडबुडे आले. काशम्मानं पदर तोंडावर धरला. गावकरी नाचले, कंपाउंडरचं लग्न ठरलं, ढोल थांबले. पडद्यावर नुसतं तळं राहिलं. आणि मग पाण्यातून एक हात वर आला. हातावरचा ओल्या टॉवेलचा पंजा केव्हाच गळून पडला होता. तो उघडा हात होता, कोपरापर्यंत निळा, रंगखात्यातल्या माणसाचा असतो तसा. सिनेमा संपल्याची अक्षरं आली आणि गेली. हात तसाच वर होता. वाऱ्यानं पाणी हललं, हात हलला नाही.

"एवढा वेळ का ठेवलाय?" उत्कर्षानं विचारलं.

"त्याला कुनी सांगितलंच न्हाई झालं म्हनून," मल्हार म्हणाला. "'मी हाक मारीपर्यंत हात वर ठेव,' डायरेक्टर म्हनले अन् चहाला गेले. क्यामेरा चालूच. ह्यो आपला खाली दम धरून, मदी नाक वर काढायचा, पुन्ना खाली. हात न्हाई उतरला. दिलेलं काम त्यानं कवा अर्धं टाकलं?"

काशम्मानं पदर खाली घेतला. पडद्यावरचा हात ती नीट बघत होती. त्या हाताचा निळा रंग तिनं किती वेळा चुलीची राख लावून घासला होता आणि तो कधी निघाला नव्हता. आपण ह्या माणसाला फार हाका मारल्या, फार भांडलो, आणि काम पुरं झालं हे एक कधी सांगितलं नाही, असं तिला वाटलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली, पडद्याजवळ गेली, आणि घरी ईश्वरप्पाशी बोलायची त्या कानडीत, जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "आयतु. म्याल बर्री." झालं आता, वर या.